खिडकीतलं पातं

अल्विन मेल्खरच्या हातात गंज होता. हातावर नव्हे, हातात. त्याने लख्ख पोलादाला नुसतं बोट लावलं, की एखाद्या दिवसात तिथे त्या बोटाचा तपकिरी ठसा उमटायचा, अगदी रेघांसकट. घामाचा दोष, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी तपासून तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं, आणि ती होतीही. दुसऱ्या कुठल्या गावात जन्मला असता तर या बाबाला हे आयुष्यभर कळलंसुद्धा नसतं. पाव भाजले असते, गाई पाळल्या असत्या, सुखाने म्हातारा झाला असता. पण जन्माला आला तो आमच्या झोलिंगनमध्ये, जिथे घरोघरी सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे घडतात. त्यातही वस्तऱ्यांना धार लावणाऱ्याच्या घरात. आता याला काय म्हणावं!

बापाने पोरगा जाणता झाला तसा त्याला सहाणेसमोर बसवला. पहिल्याच आठवड्यात त्याने हाताळलेल्या सगळ्या पात्यांवर बोटं उमटली. बापाने ती पाती खिडकीपाशी नेऊन एकेक करून पाहिली आणि पोराला पाणी भरायला पाठवलं. अशा माणसाला आमच्याकडे गंजहात्या म्हणतात. शिवी नाही ती. एखाद्याला डावखुरा म्हणावं तसंच. फक्त डावखुऱ्याला कामावरून उठवत नाहीत, याला उठवतात. पुढे पहिली लढाई लागली, ती त्यालाही चुकली नाही. तिथे अख्ख्या पलटणीत सगळ्यांत आधी त्याची बंदूक गंजली. साहेबाने वैतागून त्याला बटाटे सोलायला पाठवलं. त्यामुळे तो जिवंत परत आला.

परत आल्यावर त्याने गंज काढायचं काम धरलं. गंज आणणाराच गंज काढणार, म्हणून लोक पोट धरून हसले, आणि हसत हसत आपले टाकून दिलेले वस्तरे त्याच्याकडे घेऊन आले. दुसरी लढाई संपल्यावर तर त्याच्या दाराशी रीघच लागली. तळघरांत, ढिगाऱ्यांखाली, न परतलेल्या माणसांच्या पेट्यांत पडून पडून वस्तरे लाल झाले होते, आणि इकडे घरोघरी पोरांना दाढ्या फुटल्या होत्या. बाया पदराखालून काढावा तसा वस्तरा फडक्यातून काढून त्याच्यापुढे ठेवायच्या. "याच्या बापाचा आहे हो. होईल का काही?"

अल्विन म्हणायचा, "बघू." याहून जास्त तो कधीच बोलला नाही.

आधी खिळे काढून मूठ सोडवायची. पातं रॉकेलात बुडवायचं आणि चक्क विसरून जायचं. घाई केली की गंज हट्टाला पेटतो, असं त्याचं म्हणणं. मग तांब्याच्या पट्टीने वरचा थर खरवडायचा. तांबं मऊ, त्याने पोलादावर ओरखडा उठत नाही. मग लाकडाची वस्त्रगाळ राख तेलात कालवून बुचाच्या तुकड्याने घासत राहायचं, पाठीकडून धारेकडे, उलटं कधीच नाही. लाल गंज सुटतो. काळा गंज खोल बसलेला असतो, त्याच्या मागे लागलं तर गंजाबरोबर पातंही संपतं, म्हणून त्याला राहू द्यायचं. आणि खुद्द धारेलाच खड्डे पडले असतील तर पातं कागदात गुंडाळून परत द्यायचं. "पाकिटं फोडायला ठेवा," तो सांगायचा. बाया रडायच्या. तो त्यांना खुर्ची द्यायचा आणि आपण उभा राहायचा.

एवढं सगळं तो करायचा, पण शेवटचा हात त्याचा नसायचा. चोख झालेलं पातं स्पिरिटने पुसून, तेलाचं बोट फिरवून मुठीत बसवायचं काम त्याची बायको लिना करायची. लिनाने त्याला बकऱ्याच्या कातड्याच्या टोप्या शिवून दिल्या होत्या, एकेका बोटाच्या. चोख पात्याला हात लावायचा तर त्या घालून. त्या टोप्या घातलेले हात घेऊन तो दारात उभा राहिला की नवखी गिऱ्हाइकं दचकायची.

गेल्या हिवाळ्यात लिना गेली. तेव्हापासून शेवटचा हात मुलीचा, इर्माचा. आणि इर्मा काम करायची ती पांढरे सुती हातमोजे घालून. लहानपणापासून आईने तिला तशी सवयच लावली होती. त्यामुळे पोरीचा उघडा हात पोलादाला लागलेला अल्विनने कधी पाहिलाच नव्हता. पाहणं अवघड होतं असंही नाही. एखाद्या संध्याकाळी एक पातं तिच्या हातात द्यायचं, सकाळी उचलून बघायचं, झालं. पण त्याने ते केलं नाही. नको ते दिसलं असतं तर काय घ्या!

वसंतात एका दुपारी इर्माने बुचाचे तुकडे कापता कापता सांगितलं, "बाबा, कुर्टने मला विचारलंय."

"कोण कुर्ट?"

"ब्रुखहाउसांचा."

अल्विनच्या हातून पातं रॉकेलात पडलं. "तुला दुसरा कुठला कुर्ट मिळाला नाही?"

"बेकरीवाल्यांचा होता. त्याचं लग्न झालं."

"मग आता?"

"आता येत्या शनिवारी आपल्याला कॉफीला बोलावलंय. मला पातं धरायचंय."

हे पातं धरणं म्हणजे काय ते अल्विनला कुणी सांगायची गरज नव्हती. वुपर नदीच्या वळणावर ब्रुखहाउसांचं धारघर आहे, पाण्यावर सहाणा फिरतात. त्या घरात सून आली की ती धारघरात पाती पुसायला बसते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. म्हणून कामाला नवा माणूस घ्यायचा असो की घरात सून-जावई आणायचा असो, आधी त्याला कॉफीला बोलवायचं. एका हातात गरम कॉफी, दुसऱ्या हातात नुकतं घासलेलं उघडं पातं. कॉफी गरम असते, कारण घाम यायला हवा. कप संपला की ते पातं नदीकडच्या ओलसर खिडकीत ठेवायचं. सोमवारी आमच्याकडे कुणी सहाणेला बसत नाही, रविवारची उतरवायला सोमवार लागतोच. तर त्या सोमवारी सगळ्यांनी जमून पातं उजेडात धरायचं. त्यावर काही नसलं तर तारीख काढायची. बोटं उमटली असली तर घर त्या माणसाला मनुकांचा पाव बांधून देतं आणि दारापर्यंत सोडायला येतं.

अल्विनने तो पाव खाल्लेला होता. पहिल्या लढाईच्या आधीची गोष्ट. तेव्हा धारघर म्हाताऱ्या हुगोचं होतं आणि हुगोला सेल्मा नावाची मुलगी होती. अल्विन गेला होता काम मागायला, असं तो घरी सांगून गेला होता. खरं म्हणजे तो सेल्माला मागायला गेला होता, आणि हे सेल्मालाही माहीत होतं, कारण पूल ओलांडेपर्यंत दोघं बरोबरच आले होते. सोमवारी पात्यावर त्याचा अंगठा उमटला, त्यावरच्या तिरक्या व्रणासकट. लहानपणी बापाच्या सहाणेने केलेला व्रण तो. हुगो म्हणाला, "पोरा, माणूस तू चांगला आहेस. पोलादाला चालत नाहीस." सेल्माने पाव बांधून दिला. पुढे ब्रुखहाउस नावाचा एक जण त्या घरात घरजावई आला. त्याचा हात चोख होता, बाकीचं फारसं कुणाला आठवत नाही. तोही आता नाही. धारघर सेल्मा चालवते आणि कुर्ट तिचा मुलगा.

शनिवारी सेल्माने टेबल मांडलं होतं ते बघण्यासारखं. वाफेल, त्यावर तांदळाची खीर आणि चेरी, काळा पाव, लोणी आणि मधोमध खाली तोटी असलेली कॉफीची किटली. अल्विन दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला.

"मेल्खर, घ्या की," सेल्मा म्हणाली. "चमचे चांदीचे आहेत. त्यांना काही होत नाही."

"घेतो, ब्रुखहाउसबाई."

"वाफेलही गंजत नाही."

कुर्ट खो खो हसला आणि आईने बघितल्यावर गप्प बसला. मग सेल्माने फडक्यातून पातं काढलं. मूठ नसलेलं, नुकतं घासलेलं, त्यात छताचं लाकूड दिसत होतं. इर्माने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि पातं धरलं, अंगठा पात्याच्या सपाटीवर. दुसऱ्या हाताने ती कॉफी प्यायला लागली. कॉफी चांगली कढत होती. एका घोटाला पोरीचा हात हलला, कप बशीवर आपटला, सेल्मा म्हणाली, "सावकाश गं, मागे कुणी लागलंय का?" अल्विनच्या कपाळाला घाम फुटला. तो त्याने बाहीला पुसला.

पातं खिडकीत गेलं. मग हवापाण्याच्या गप्पा झाल्या. सेल्माने विचारलं, "इर्मा इकडे आली तर तुमच्याकडे शेवटचा हात कोण लावणार?" अल्विन म्हणाला, "बघू."

आता रविवारी या माणसाने जे केलं ते मी सांगतो, पण त्याला कुणी वेडा म्हणू नका. सगळं गाव चर्चला गेलं होतं. अल्विनने गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं आणि पोरगी दिसेनाशी होताच त्याच गुडघ्यावर टेकडी उतरून नदीवर गेला. ब्रुखहाउसांच्या स्वयंपाकघराला कुलूप नसतं, कधीच नव्हतं. तो आत गेला, खिडकीपाशी वाकला. पात्याच्या पाठीजवळ एक तपकिरी डाग होता.

म्हणजे पोरीने त्याचाच हात घेतला होता. डोळे आईचे, चालणं आईचं, आणि घ्यायचं तर बापाकडून नेमकं हेच! त्याने खिशातून बूच काढलं, राखेची डबी काढली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापांचे गंज काढले, आपल्या पोरीचा एक काढायला काय हरकत होती? त्याने पातं डाव्या हातात उचललं आणि बूच टेकवलं.

डाग एका फटक्यात निघाला.

अल्विन थबकला. गंज असा निघत नाही. गंज कुणाचंच ऐकत नाही. त्याने बूच नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं. कॉफी होती. शनिवारी कप आपटला तेव्हा उडालेला थेंब. तपकिरी डाग पाहून गंज म्हणून धावला तो कोण, तर ज्याने जन्मभर गंजाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही तो!

त्याला सुटल्यासारखं वाटलं. तो हसलाही थोडा. मग त्याची नजर डाव्या हाताकडे गेली. कातड्याच्या टोप्या घरी टेबलावर होत्या, आणि पात्याच्या सपाटीवर त्याचा उघडा अंगठा चांगला दाबून बसला होता.

चर्च सुटल्याच्या घंटा वाजायला लागल्या. तेल लावून पुसलं असतं तर कदाचित निभावलं असतं, पण तेल लावलेलं पातं सेल्माने लांबूनच ओळखलं असतं. त्याने रुमालाने राख पुसली, मग पातं पुसलं, पुन्हा पुसलं, जागच्या जागी ठेवलं आणि पाटाच्या कडेने मागच्या मागे निघून गेला. वाटेत तो स्वतःची समजूत घालत होता की या खेपेला नाही उमटणार. उमटला नाही असं आजवर एकदाही झालं नव्हतं, पण या खेपेला नाही उमटणार.

दुपारी इर्माने बटाटे वाढले. अल्विन ते ताटात इकडून तिकडे सरकवत बसला.

"बाबा, तुम्ही एवढा घोर कशाला लावून घेताय?" ती म्हणाली. "माझा हात चोख आहे."

"तुला काय माहीत?"

"आईने पाहिला होता. मी शाळेत असताना. न्हाणीच्या खिडकीत पातं ठेवलं होतं. आठवडाभर ठेवलं. काही नाही आलं."

अल्विनने काटा खाली ठेवला. "मग हातमोजे कशाला घालतेस तू?"

इर्माने वाढायचा चमचा खाली ठेवला. "आईने सांगितलं, घाल. म्हणाली, एका टेबलावर बसायचं आणि तुझे हात उघडे, त्याचे झाकलेले, हे त्याने रोज बघायचं का? त्यापेक्षा दोघांचेही झाकलेले बरे. मीही त्याच्यासमोर घालते, म्हणाली, तूही घाल."

अल्विनला लिनाचे हातमोजे आठवले. त्याला वाटायचं, तिला थंडी फार वाजते. बटाटे तसेच टाकून तो परसात गेला आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसला. मेलेल्या बायकोची त्याला इतकी आठवण आली की छातीत दुखायला लागलं. त्या बाईने इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते त्याने एका सकाळी मातीत घातलं होतं. पोरीचा हात निर्मळ होता आणि तिच्या पात्यावर बापाचा अंगठा बसला होता. जाऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तो पुलापर्यंत गेलाही. पण सांगायचं काय? की चोरासारखा तुमच्या घरात शिरलो आणि कॉफी घासून काढली? तो पुलावर उभा राहिला, पाणी बघितलं आणि परत आला.

सोमवारी सकाळी चौघं त्या खिडकीपाशी उभे राहिले. सेल्माने पातं उचललं, उजेडात तिरकं धरलं. कुर्ट वाकला.

"आई, हे..."

"दिसतंय मला."

पात्याच्या सपाटीवर अंगठा उमटला होता. भला रुंद, तपकिरी, रेघ न्‌ रेघ मोजून घ्यावी असा. इर्माचं तोंड पांढरं पडलं. "हे कसं होईल?" ती म्हणाली. "शक्यच नाही. बाबा, आईने पाहिलं होतं ना!" मग ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखी.

कुर्ट लालबुंद झाला. "मग? ती पाती नाही पुसणार, हिशेब बघेल. मी काही पात्याशी लग्न करत नाहीये."

"गप बस," सेल्मा म्हणाली.

"तिचा नाही तो," अल्विन म्हणाला. तो पोरीच्या पुढे येऊन उभा राहिला. "तिचा नाही. माझा आहे. काल मी इथे आलो होतो. एक डाग दिसला, मला वाटलं तिचा. काढायला गेलो. टोप्या घरी राहिल्या. ब्रुखहाउसबाई, मला हाकलून द्या, पावही देऊ नका, पण पोरीचा हात चोख आहे. हवं तर तिला दुसरं पातं द्या. दहा पाती द्या."

"बाबा!" इर्मा ओरडली.

"कसला डाग?" कुर्टने विचारलं.

"कॉफीचा."

कुर्टने आईकडे पाहिलं. सेल्माच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

"कॉफीचा थेंब शनिवारीच पडला होता," ती म्हणाली. "मी पाहिला. राहू दिला. आज थेंब नाही आणि अंगठा आहे. थेंब काही स्वतः उठून चर्चला जात नाही."

"म्हणजे तुम्हाला..." अल्विन म्हणाला.

"थांबा जरा."

ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, खण ओढल्याचा आला. परत आली तेव्हा तिच्या हातात लोकरीच्या फडक्याची लहान पुरचुंडी होती. तिने ती खिडकीच्या फळीवर सोडली. आत एक पातं होतं, जुन्या घाटाचं, हल्ली कुणी करत नाही तसं. तिने दोन्ही पाती शेजारी शेजारी ठेवली. दोन्हीवर तोच अंगठा, आणि दोन्ही अंगठ्यांवरून तोच तिरका व्रण गेलेला.

"घ्या," ती म्हणाली. "झाली खात्री? पोरीचा हात चोख आहे. तारीख काढा."

इर्माने बापाच्या दंडावर एक फटका मारला, चांगला जोरात. मग तिथेच कपाळ टेकून उभी राहिली. कुर्ट मात्र अजून त्या जुन्या पात्याकडेच बघत होता.

"पण आई, हे तू ठेवलंस कशाला?"

"लागतं कधीकधी."

"कशाला लागतं?"

"आत्ता लागलं की नाही? जा, किटली भरून आण. इर्मा, त्याला फडताळ दाखव, त्याला अजून फडताळ सापडत नाही."

दोघं गेली. अल्विन पात्यावर वाकला. धंद्याची सवय, दुसरं काय. एवढ्या वर्षांचा गंज म्हणजे त्याने आतापर्यंत पातं खाऊन टाकायला हवं होतं. गंज एका जागी बसून राहत नाही, तो पसरतो, कडेकडेने सरकतो, शेवटी धार गिळतो. इथे बाकीचं पातं लख्ख होतं. आणि अंगठा जिथल्या तिथे, एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. हे आपोआप होत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं हे पातं पुसत आलं होतं, तेल लावत आलं होतं, त्या अंगठ्याच्या कडेकडेने, काडीला कापूस लावून, अंगठ्याला धक्का न लावता. असं काम आपल्यालाही जमलं नसतं, हे त्याला कळलं. आणि मग बाकीचंही कळलं, आणि कान तापले.

त्याने मान वर केली. सेल्मा नदीकडे बघत होती.

"चिवट गंज आहे," तो म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं. "पण वरवरचा आहे. द्या, साफ करून देतो."

सेल्माने पातं त्याच्या पुढ्यातून उचललं आणि फडक्यात गुंडाळलं.

"अल्विन," ती म्हणाली, "खबरदार त्याला हात लावशील तर."